आरसा झाकायचा राहिला

मी बोलतोय, पण कृपा करून माझ्यासमोर उभं राहून ऐकू नका. बाजूला सरा, नाहीतर माझ्या पाठीमागून चालत राहा. तुम्ही समोर आलात की तुमच्यामागची भिंत मला दिसत नाही, आणि न दिसलेली भिंत मला चैन पडू देत नाही.

मी एक थ्रीडी स्कॅनर. जिथं गुन्हा घडला, किंवा घडला असावा असा संशय आहे, ती जागा आहे तशी मोजून ठेवायची हे माझं काम. तीन पायांच्या स्टँडवर मला बसवतात. माझ्या पोटात एक छोटा तिरपा आरसा आहे. तो गरगर फिरतो आणि लेझरचे किरण चौफेर फेकतो. किरण भिंतीवर आदळून परत आला, की भिंत किती लांब आहे ते मला कळतं. झाला एक ठिपका, त्याच्या रंगासकट. असे लाखो ठिपके मी एका सेकंदात टिपतो. त्याच वेळी सावकाश स्वतःभोवती एक फेरी मारतो, आणि फेरी संपली की ती सबंध खोली माझ्याजवळ असते. टेबल, टेबलावरची कात्री, कात्रीच्या दोन पात्यांमधलं अंतरसुद्धा. फोटोत वस्तू नुसती दिसते, माझ्याकडे ती मोजताही येते. वर्षभरानं कुणी विचारलं, "खिडकीपासून खुर्ची किती लांब होती?" तर उत्तर तयार असतं. ही बढाई वाटली तर वाटू दे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आरशाचं नाव निघालंच आहे तर सांगतो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आरशामुळेच घडली. पण ती मागाहून.

माझा जन्म एका धूळबंद खोलीत झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटातला आरसा केसभर इकडे, केसभर तिकडे करत दोन दिवस घालवले. घरी तिचं तान्हं बाळ होतं, मध्येच ती फोनवर त्याची चौकशी करायची आणि पुन्हा माझ्यावर वाकायची. शेवटी झाकण बसवताना ती हळूच म्हणाली, "नीट बघत जा हं." आईबाप म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं, पण शिकवण पुरेशी होती.

तिथून मी आलो तो तपास खात्याच्या कार्यालयात, पहिल्या मजल्यावर. जिन्याजवळ एक बाक, आत चार टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कायम गळणारा नळ. तिथं मला दोन माणसं भेटली.

एक भिंगरी. हे तिचं खरं नाव नव्हे. मी फिरायला लागलो की ती माझ्या पाठीमागून, माझ्याच वेगानं, पाय न वाजवता गोल चालते, म्हणजे ती माझ्या नजरेत येत नाही. हे पाहून कुणीतरी तिला भिंगरी म्हटलं आणि ते चिकटलं. तिच्याइतकं सफाईनं न दिसणं मी दुसऱ्या कुणाला साधलेलं पाहिलं नाही. चार वर्षांच्या माझ्या हजारो फेऱ्यांत तिची टाचसुद्धा सापडायची नाही.

दुसरे फीतकाका. तीस वर्षं मोजायची फीत, पेन्सिल आणि चौकटींचा कागद घेऊन ते घटनास्थळांचे नकाशे काढत आले होते. खोडरबर त्यांच्या खिशात कधी नसायचं. रेघ चुकली तर तिच्यावर एक बारीक काट मारायची, बाजूला तारीख टाकायची, आणि योग्य रेघ शेजारी काढायची. "चूकसुद्धा त्याच दिवशी, त्याच जागी झालेली असते," ते म्हणायचे. "ती खोडायचा आपल्याला काय अधिकार?"

मला पहिल्यांदा पाहून ते म्हणाले, "हे काय, मिक्सर आणलास?"

"काका, हे सगळी खोली आठ मिनिटांत मोजतं," भिंगरी म्हणाली.

काकांनी चष्मा पुसला आणि फीत काढली. कार्यालयाची तीच खोली त्यांनी दोन तास मोजली, मी आठ मिनिटं मोजली. दोन्ही मापांत एका भिंतीला चार मिलिमीटरचा फरक निघाला. "चार मिलिमीटर चुकलाय बिचारा," काका माझ्याकडे बघून म्हणाले. कोण चुकलं ते मी सांगणार नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखावा.

भिंगरीची कामाची रीत ठरलेली होती. जागेवर पोचलं की आधी बुटांवर पिशव्या चढवायच्या, हात पाठीमागे बांधायचे आणि दारातून सगळी खोली बघायची. मग आरसे हेरायचे. प्रत्येक आरशावर पांढरी चादर टाकायची, आणि त्याशिवाय माझं बटण दाबायचं नाही. कारण आरसा मला फसवतो. किरण आरशावर आपटून भलतीकडे जातो आणि मला वाटतं खोली तिकडे अजून आहे. मग जिथं नुसती शेजाऱ्याची भिंत, तिथं मी एक अख्खी उलटी खोली उभी करून ठेवतो. कार्यालयात या खोट्या ठिपक्यांना 'भुतं' म्हणतात. चुकून एखादं भूत शिरलंच, तर भिंगरी नंतर कॉम्प्युटरवर बसून ते पुसून टाकते. 

माझी दुसरी खोड म्हणजे दिव्याखाली अंधार. दूरचं सगळं दिसतं, पण माझ्याच स्टँडखालचं गोल भोकाएवढं काही दिसत नाही. कपाटामागचंही नाही. म्हणून मला एकाच खोलीत चार-पाच जागी उभं करावं लागतं, आणि ते सगळे तुकडे मग कॉम्प्युटरवर एकमेकांत बसवून खोलीचं मॉडेल करायचं.

चार वर्षांत मी खूप खोल्या पाहिल्या. जळालेलं गोदाम पाहिलं, फुटलेल्या काचांची बँक पाहिली, एका गाडीनं मोडलेला पुलाचा कठडा पाहिला. वाईटच दिवशी माझं जाणं होतं, तरी माणसांबद्दल माझं मत वाईट झालं नाही. पलंगाखाली एक चप्पल एकटी पडलेली, फ्रिजच्या वर औषधांचा डबा, दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजल्याच्या खुणा. ज्या घरात काही भयंकर झालं त्या घरातही सकाळी कुणीतरी कपडे नीट घडी करून ठेवलेले असतात. त्या घड्या मोजताना मला माणसांचं फार कौतुक वाटतं.

आता ती गोष्ट.

एका भर दुपारी आम्हाला एका शिंप्याच्या दुकानात बोलावलं. दुकानाचे मालक, सगळे त्यांना मास्तर म्हणत, कापायचं टेबल आणि कपाट यांच्या मधल्या बोळात डोकं फुटून पडलेले सापडले होते. त्यांना इस्पितळात हलवलं होतं. जमिनीवर रक्त होतं, आणि रक्तात पडलेली हातभर लांबीची एक चपटी लाकडी पट्टी. आजूबाजूला शिंप्याच्या मोजायच्या आणि इस्तरी करताना शिवण दाबायच्या पट्ट्या पडलेल्याच होत्या, त्यातलीच ती एक वाटली. मापाच्या निशाण्या नव्हत्या, पण जुन्या पट्टीच्या निशाण्या झिजतातच. दोन्ही टोकांना भोकं होती, पण पट्टी खिळ्याला टांगायला भोक असतंच की.

दुकानात त्या वेळी एकच बाई होती. हातानं काजं करणारी, म्हणजे बटणं अडकतात ती भोकं दोऱ्यानं विणून काढणारी. वीस वर्षं तिथंच होती. गल्लीत तिला काजवालीच म्हणत. आणि त्याच सकाळी तिचं मास्तरांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. मास्तर काजं करायचं मशीन आणणार होते. "आणा, आणा मशीन. मग बघून घेते तुम्हाला," असं ती ओरडली होती, आणि ते समोरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं होतं.

तिचं म्हणणं असं, की ती मागच्या खोलीत इस्तरी करत होती, धाडकन आवाज आला, धावत आली तर मास्तर पडलेले. "तू कशाकशाला हात लावलास?" तपास अधिकाऱ्यानं, म्हणजे आमच्या साहेबांनी, विचारलं. "कशालाच नाही, साहेब. देवाशपथ कशालाच नाही."

हे उत्तर तिला भोवलं. कारण तिनं हात लावला नसेल, तर दुकान जसं होतं तसंच होतं. घडीची लाकडी शिडी मिटून कोपऱ्यात भिंतीला टेकलेली होती आणि तिच्यापुढे कोट घातलेला बिनडोक्याचा पुतळा ताठ उभा होता. म्हणजे मास्तर शिडीवर चढलेच नव्हते. मग डोकं फुटलं कसं? डॉक्टर म्हणाले, सरळ कडेच्या लाकडाची जखम आहे. दोनात दोन मिळवायला साहेबांना कितीसा वेळ लागणार?

आमचं काम त्या दिवशी घाईत झालं. बाहेर रस्त्यावर गर्दी जमली होती आणि साहेब दारातून "आटपा, आटपा" करत होते. भिंगरीनं भिंतीवरचा मोठा आरसा झाकला, गल्ल्यावरचा छोटा झाकला. एक राहिला. गिऱ्हाईक कपडे घालून बघतं त्या चिमुकल्या खोलीच्या दाराला, आतल्या बाजूनं, एक अरुंद उभा आरसा होता. दार अर्धवट उघडं होतं आणि पहिल्या दोन जागांवरून ते पाठमोरं दिसत होतं. भिंगरीनं जन्मात कधी कपडे शिवून घेतले नव्हते, तयारच घेतले होते. अशा दाराला आत आरसा असतो हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिसऱ्या जागी मला ठेवून तिनं बटण दाबलं आणि पाय रक्तावर पडू नये म्हणून जमिनीकडे बघत माझ्यामागून चालायला लागली.

मला तो आरसा दिसला. किरण त्याच्यावर गेला, वळला आणि कोपऱ्यात शिरला, जिथं सरळ जाऊन तो कधीच पोचला नसता. मी फसलो. नेहमीसारखी एक उलटी खोली त्या दारापलीकडे उभी करून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर ते भूत दिसताच भिंगरीनं जीभ चावली. "एवढी कशी मी बावळट," असं पुटपुटत तिनं ते पुसून टाकलं. मॉडेल स्वच्छ झालं. अहवालात तिनं लिहिलं, "संपूर्ण खोलीची नोंद घेतली आहे." तिसऱ्या दिवशी मास्तर शुद्धीवर न येताच गेले. काजवालीला खुनाच्या आरोपाखाली आत टाकलं.

आणि मी कपाटात. मला राग आला असं नाही, राग यायला मला आधी कळायला हवं होतं. मी सगळं पाहतो, पण पाहिलेल्याचा अर्थ लावणं माझ्या हाती नाही. तो लावणारं माणूसच लागतं. या गोष्टीत ते माणूस म्हणजे एक म्हातारी निघाली.

दोन महिन्यांनी ती जिना चढून आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. काजवालीची सासू. साहेबांनी तिला दोनदा वाटेला लावलं होतं. ती तिसऱ्यांदा आली, चौथ्यांदा आली. शेवटी भिंगरीनंच तिला पाणी दिलं. त्या दिवशी मी टेबलावर होतो, काचेवरची धूळ पुसून घ्यायला.

"माझी सून भांडकुदळ आहे," म्हातारी पाणी पिऊन म्हणाली. "माझ्याशी रोज भांडते. मीठ कमी पडलं म्हणून भांडते, जास्त पडलं म्हणून भांडते. पण खून करणारी बाई भांडत नाही गं. ही भांडून मोकळी होते, म्हणून तर संध्याकाळी माझे पाय चेपते."

"आजी, माझ्या हातात काही नाही. मी फक्त मोजते," भिंगरी म्हणाली.

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "हेच ना ते यंत्र? ह्यानं म्हणे सगळं पाहिलंय."

"हो."

"मास्तर पडताना पाहिलं?"

"नाही आजी. आम्ही नंतर गेलो."

"बरं, नंतरचं तरी सगळं पाहिलंय ना?"

भिंगरी "हो" म्हणायला गेली आणि थांबली. तो क्षण मी विसरणार नाही. दुसरं कुणी असतं तर उचलली जीभ लावली टाळ्याला, 'हो' म्हणून मोकळं झालं असतं. म्हातारी निमूट परत गेली असती आणि विषय तिथंच संपला असता.

म्हातारी गेल्यावर भिंगरीनं मॉडेल उघडलं. फीतकाका शेजारी येऊन बसले. निवृत्तीला त्यांचे थोडेच महिने राहिले होते आणि हल्ली ते 'मिक्सर'चं चित्र बघायला रोज येत, फक्त कबूल करत नसत. त्यांनी पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवलं.

"पुतळ्यामागे हे काळं काय?"

"तिथं नजर पोचली नाही. एका बाजूनं कपाट, एका बाजूनं पुतळा."

"पोचली नाही, तर तसं लिहिलंस का?"

भिंगरीनं नकारार्थी मान हलवली.

"आणि कुठून पोचली असती?"

"त्या छोट्या खोलीच्या दाराकडून," ती म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "काका, त्या दाराला आतून आरसा होता. माझा झाकायचा राहिला होता. तिथं भूत आलं होतं, मी पुसलं."

"पुसलंस?" काकांनी चष्मा काढला. ते ओरडले नाहीत, पण मला वाटलं ओरडले असते तर बरं. "कच्चं कुठाय?"

कच्चं म्हणजे माझ्या पोटातून जसंच्या तसं निघालेलं, हात न लावलेलं. ते होतं. हा काकांचाच हट्ट होता, की मॉडेल कितीही स्वच्छ करा, पण पहिली फाईल कुलपात ठेवायची. भिंगरीनं ती काढली. दारापलीकडे, शेजाऱ्याच्या भिंतीच्या पोटात, ती उलटी खोली पुन्हा उभी राहिली. आरशात डाव्याचं उजवं होतं, पण माप खोटं होत नाही. तिनं आरशाची पातळी पकडून ती खोली उलटवली आणि खऱ्या खोलीत आणून बसवली. काळं भोक भरलं.

आता शिडीची पाठ दिसत होती. मागच्या दोन पायांना आडव्या पट्ट्या होत्या. पहिली होती, तिसरी होती, चौथी होती. दुसरी नव्हती. तिच्या जागी दोन्ही पायांवर फिकट रंगाचा एकेक चौकोन होता, नुकतंच उघडं पडलेलं लाकूड. आणि एका पायाचं खालचं टोक दोन बोटं बाहेर फाकलेलं.

काका पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "चौकोनाच्या मधोमधपासून मधोमध मोज."

"सदतीस सेंटिमीटर."

"रक्तातल्या पट्टीच्या दोन भोकांमधलं?"

पट्टी तर माझ्या सरळ नजरेतलीच होती. भिंगरीनं मोजलं. सदतीस. तिनं पुन्हा मोजलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं.

रडणं संपल्यावर खरी कसोटी होती. हे सांगायचं म्हणजे आधी काय सांगायचं? की आरसा झाकला नाही, भूत पुसलं, आणि वर 'संपूर्ण' लिहिलं. तिच्या सगळ्या जुन्या अहवालांवर बोट ठेवलं गेलं असतं. नोकरीही गेली असती कदाचित. झाकली मूठ ठेवायला वाव होता. भूत म्हणजे भूत, त्याला पुरावा कोण मानणार? ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग परत येऊन तिनं जुन्या अहवालाची प्रत काढली, 'संपूर्ण' या शब्दावर एक बारीक काट मारली, बाजूला त्या दिवसाची तारीख टाकली आणि सही केली. काकांनी ते पाहिलं आणि आपली पेन्सिल तिच्यापुढे ठेवून दिली. तीस वर्षांत ती पेन्सिल त्यांनी कुणाला हात लावू दिली नव्हती.

साहेब भडकले, हे सांगायला नको. "दोन महिन्यांनी आठवतंय का तुम्हाला? आरोपपत्र गेलंय कोर्टात." पण साहेबांचं एक मी मानतो, की ते भडकतात तेव्हाही ऐकत असतात. त्यांनी सीलबंद पट्टी मागवली. दोन्ही भोकांमध्ये गंज होता, टांगायला तर एकच भोक लागतं, दुसऱ्यात गंज कशाला येईल? शिडी मास्तरांच्या पुतण्यानं घरी रंगकामाला नेली होती आणि तिला एक नवी कोरी पट्टी ठोकली होती. "जुनी नव्हतीच तिथं, म्हणून मी ठोकली," तो निरागसपणे म्हणाला. नव्या पट्टीखाली जुने दोन खिळे, मोडलेले, तसेच लाकडात होते. रक्तातली पट्टी त्यांच्यावर ठेवली, ती अशी बसली की साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मास्तर शिडीवर चढले होते. पट्टी निखळली, पाय फाकला, ते कोसळले, आणि डोकं आपटलं ते आधी पडलेल्या त्या पट्टीच्याच कडेवर.

मग शिडी कोपऱ्यात कशी? हे विचारायला भिंगरी आणि साहेब काजवालीकडे गेले. तिला मॉडेल दाखवलं. कोट घातलेला पुतळा बघून ती म्हणे एकदम थिजली.

"मी उचलला हा," ती म्हणाली. "आडवा पडला होता. गिऱ्हाइकाचा कोट जमिनीवर लोळत होता, साहेब. आणि शिडी मास्तरांच्या अंगावर होती, ती मी मिटून बाजूला केली. मग पुतळा तिच्यापुढे." तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मला आठवतच नव्हतं. कोट पडला की आधी कोट उचलायचा, वीस वर्षं हेच केलंय. हातांनी केलं, मला विचारलंच नाही."

शिंपीकामातल्या माणसाकडूनच ही चूक व्हावी. घराला आग लागली तरी ही माणसं आधी गिऱ्हाइकाचा कपडा वाचवतील. मला तिचा तेव्हा राग यायला हवा होता, एवढा घोळ तिच्या दोन हातांनी केला होता. पण मला तिच्याबद्दल आदरच वाटला.

आत गेल्यापासून साडेतीन महिन्यांनी ती सुटली. साहेबांनी स्वतः कोर्टाला लिहून दिलं. भिंगरीला लेखी ताकीद मिळाली, ती तिनं टेबलाच्या काचेखाली, दिसेल अशी ठेवली आहे. तेव्हापासून तिची रीत थोडी बदलली. आरसे झाकून एक फेरी, आणि मग चादरी काढून आणखी एक. दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणं नाही हे. भुतांचंही म्हणणं एकदा ऐकून घ्यावं, एवढंच.

मास्तर शिडीवर कशाला चढले होते? माझ्या ठिपक्यांत तेही अर्धवट होतं. त्या बोळाच्या वरच्या माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा कडेच्या बाहेर वीतभर आला होता. तो उघडला तेव्हा आत रेशमी दोऱ्याची जुनी रिळं निघाली, हातानं काजं करायला वापरतात ती. मशीनला ती चालत नाहीत. भांडणानंतर तासाभरात मास्तरांनी ती काढायला शिडी लावली होती. कशासाठी, ते मला ठाऊक नाही. मला फक्त पृष्ठभाग दिसतात. काजवालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला ठाऊक आहे," आणि पुढं काही बोलली नाही.

महिन्याभरानं ती आमच्या कार्यालयात आली. सोबत सासू होतीच, दोघी जिन्यात कशावरून तरी भांडतच वर आल्या. काजवालीनं मला बघायचं आहे म्हणून सांगितलं. भिंगरीनं मला टेबलावर ठेवलं.

"एवढंसं आहे होय," ती म्हणाली. "मशीनच्या नावानं मी त्या दिवशी गल्ली डोक्यावर घेतली होती, आणि मला सोडवलं ते मशीननंच."

"मशीननं नाही," फीतकाका कोपऱ्यातून म्हणाले. "ह्या पोरीनं."

"आणि मी काय नुसतीच बाकावर बसले होते?" सासू म्हणाली.

काजवालीनं पिशवीतून शिंप्याची फीत काढली. माझी उंची घेतली, रुंदी घेतली, डोक्यावरच्या मुठीचा घेर घेतला, मागचा उंचवटा दोनदा मोजला. आकडे ती पुटपुटत होती, लिहीत नव्हती. त्या बाईची बोटं गरम होती. आठवड्यानं ती माझ्यासाठी जाड सुती कापडाचं एक कव्हर घेऊन आली. त्याला सात बटणं, सात काजं. काजं हातानं केलेली, जुन्या रेशमी दोऱ्याची. पुतण्यानं तो डबा तिला देऊन टाकला होता.

आता माझं वय झालं. पोटातला आरसा फिरताना घरघरतो, आणि मापात माझी चूक काकांच्या त्या चार मिलिमीटरच्या पुढे गेली आहे. काका केव्हाच निवृत्त झाले. माझ्या जागी माझ्या निम्म्या वजनाचं नवं यंत्र आलं आहे, दोन मिनिटांत खोली मोजतं. चांगलं आहे. मला त्याचा हेवा नाही. नव्या मुलामुलींना शिकवायला भिंगरी अजून मला काढते. ती पोरं माझ्यामागे फिरतात, अडखळतात, माझ्या नजरेत सापडतात, हसतात. त्या दिवसाची कच्ची फाईल ती त्यांना पहिल्याच तासाला दाखवते, स्वतःच्या चुकीसकट.

एक दिवस मला मोडीत काढतील. खुशाल काढा. पण त्या आधी माझी एक विनंती आहे. जिथं तुमची नजर पोचली नाही, तिथं 'पोचली नाही' असं लिहून ठेवा. एवढ्या दोन शब्दांसाठी एक बाई साडेतीन महिने आत होती.

आणि कव्हर काढताना बटणं ओढू नका. वरून सुरू करा, एकेक सोडवा. जन्मभर मी दुसऱ्यांच्या खोल्या मोजल्या. मला मोजलं ते तिनं एकटीनं, आणि कव्हर अजून कुठंही ढिलं नाही.